पायाळूची कंबर

कंबरपट्ट्याच्या चिकटपट्टीच्या बारीक काट्यांत भाताचं एक कुसळ अडकलं होतं... वाकडं, पिवळं, नखानं ओढायला गेलं की आणखी आत शिरणारं — आणि राही खोलीच्या कोपऱ्यात पाठमोरी उभी राहून ते काढत होती, कारण ते निघाल्याशिवाय पट्टा नीट चिकटणार नव्हता आणि पट्टा चिकटल्याशिवाय तिला मोरीपर्यंतसुद्धा धड जाता येणार नव्हतं. मळणी कधीची झाली, भात कणगीत गेलं, पेंढा रचून झाला, तरी ही कुसळं काही घर सोडायला तयार नाहीत. गोधडीत निघतात, पोरीच्या केसांत निघतात, आणि आता हे इथं. निघालं एकदाचं. तिनं पट्टा खुब्यांवरून ओढून घेतला — कंबरेला नाही, कंबरेच्या खाली, शहापूरच्या त्या डॉक्टरीणबाईनं दहादा बजावलं होतं — श्वास रोखून आवळला आणि चिकटपट्टी दाबून बसवली. हळूच. चुकून सुटली तर खर्रकन आवाज होतो आणि भिंतीपलीकडे सासू जागी असते. सासू कायमच जागी असते.

वरून साडी. गावातल्या तिच्या वयाच्या साऱ्या जणी आता घरात गाऊन घालून वावरतात, वर ओढणी टाकली की झालं. राही मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत साडीत. "सून वळणाची हाय माजी," असं सकुबाई चारचौघींत सांगते. कसलं वळण नि कसलं काय! गाऊनखाली पट्टा दिसतो आणि निऱ्यांखाली दिसत नाही, एवढंच ते वळण. राहीला कधी कधी हसू येतं या गोष्टीचं, आणि हसलं की उजवीकडे, माकडहाडाच्या जरा वर, पाठीला जिथं खळगा पडतो बरोबर तिथं, कुणी दाभण खुपसावं तशी कळ येते. मग हसू राहतं बाजूला.

आता यात एवढं लपवायचं काय, असं कुणी परकं माणूस विचारील. बाईची कंबर दुखते, त्यात नवल ते काय? कुठल्या बाईची दुखत नाही? तेच तर! साऱ्या गावच्या बायकांची दुखली तरी चालेल, राहीची दुखून चालत नाही, कारण राही पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय घेऊन आलेली, त्यातही डावा आधी, असं सुईणीनं तेव्हाच साऱ्या आळीला सांगून ठेवलेलं. आणि पायाळू माणसाची लाथ बसली की उसण पळते, हे शेणव्यापासून टोकावड्यापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोतं उचलताना लचक भरलेले, विहिरीचं पाणी ओढताना पाठ धरलेले, सगळे तिच्या दारात येतात, चटईवर पालथे पडतात, आणि राही डावा पाय उचलून दुखऱ्या जागेवर मारते आणि मागं न बघता घरात निघून जाते. मागं बघायचं नसतं. दारात आलेल्याला नाय म्हणायचं नसतं, नाही म्हटलं की गुण जातो. आणि पायाळूला स्वतःला कधी उसण भरत नसते. हे कुणी ठरवलं कोण जाणे, पण ठरलेलं आहे.

तिला तो पहिला माणूस अजून दिसतो... माहेर टोकावड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. सात-आठ वर्षांची असेल ती. गावचे पोलीस पाटील, ज्यांना बघून तिचा बा खाटेवरून ताडकन उठायचा, ते अंगणात तिच्यासमोर पालथे पडलेले — सदरा वर, पाठ उघडी, पाठीवर घामोळं — आणि बा हात जोडून बाजूला उभा. "मार गो बाय, भिव नको." तिनं मारली. पाटील उठले, कंबर इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि म्हणाले, "गेली!" खरंच गेली होती की पोरीचं मन राखलं, देव जाणे. पण त्या दिवसापासून दोन्ही भावांच्या आधी तिच्या ताटात भात पडू लागला. रंग सावळा, दात जरा पुढे, दहावीला गणितात गटांगळी — पण पायाळू. स्थळ आलं तेही पायावरूनच. सकुबाई बघायला आली तेव्हा तिनं तोंड नंतर पाहिलं, आधी पाय पाहिले. खोटं कशाला बोला, राहीला ते आवडायचं. अजूनही आवडतं. एरवी बाराही महिने जी सासू हिच्या हातचा चहा बसल्या जागी घेते, ती उसणवाला दारात आला की स्वतः तांब्या घेऊन येते, वाकते आणि सुनेच्या डाव्या पायावर पाणी घालते... त्या घटकेला राहीला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. दुसऱ्या कशानं तसं वाटत नाही.

"आज जगन येतोय गो," सकुबाई म्हणाली.

राही भाकरी थापत होती. जगन म्हणजे सकुबाईचा धाकटा भाऊ, राहीच्या नवऱ्याचा, वाल्मिकचा, मामा. टोकावड्यात माळशेजच्या रस्त्याला त्याचा ढाबा. काल गॅसची टाकी उचलताना त्याच्या कंबरेत जी उसण भरली ती भरलीच, आणि त्याच्या पोराचं, सुयोगचं लग्न चार दिवसांवर आलेलं.

"मी फोनवर सांगितला त्याला, सुया टोचून घेव नको, हितं ये. राही एक लाथ घालंल, हळदीला नाचशील."

भाकरी तव्यावर पडली. तव्यावरच्या भाकरीला पाणी लावता लावता राहीच्या तोंडातून शब्द निघून गेले, "आई, माजी कंबर..."

"तुजी काय कंबर?"

असं म्हणून सकुबाईनं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, रागाचं उत्तर देता आलं असतं. त्या पाहण्यात एवढंच होतं की हा विषय आपण मिटवलाय ना, मग? मिटवला होता खराच. समीक्षा झाली तेव्हा — दीड दिवस कळा, शेवटी पोर आली, सकुबाईचा पहिला प्रश्न "डोकं आदी का पाय?" आणि "डोकं" म्हटल्यावर तिचं तोंड जरासं उतरलेलं — त्यानंतर महिना उलटला तरी राहीला कुशीवर वळता येईना. जिना चढताना, बाजेवरून उठताना, पोरीला कडेवर घेताना उजव्या बाजूला आत काहीतरी सरकायचं, जागा सोडायचं. एकदा तिनं सांगितलं होतं सासूला, रडत सांगितलं होतं. सकुबाई आधी हसली. "पायाळूला कसली उसण गो? अंगचोरी म्हनतात त्याला." मग हसू आवरून, दार लोटून घेऊन, हळू आवाजात म्हणाली, "आन् बाहेर बोलू नको. लोक म्हनतील, हिची सोताची कंबर जाग्यावर नाय आन् आमाला लाथा घालते." समीक्षा आता अंगणभर पळते, कुत्र्याच्या मागं लागते, आणि ते दार अजून लोटलेलंच आहे.

"काय नाय," राही म्हणाली. भाकरी करपली.

"जगन यायच्या आत राबाचे दोन भारे टाकून ये," सकुबाई म्हणाली. "वर हायेत बांधून."

राबाचे दिवस होते. जिथं भाताचं रोप टाकायचं त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरायच्या, वर माती भुरभुरवायची आणि उन्हाळा संपायच्या आत सारं जाळून काढायचं, की तण मरतं आणि रोप जोमानं येतं. म्हणजे माळावरून पाल्याचे भारे डोक्यावर वाहून आणणं आलं, आणि ते बायकांकडं आलं. राहीनं चुंबळ ठेवली, गुडघ्यात वाकून भारा डोक्यावर घेतला आणि उतरणीला लागली, आणि पहिल्या चार पावलांतच तिला तो प्लॅस्टिकचा सांगाडा दिसू लागला... शहापूरच्या त्या बाईच्या टेबलावरचा, नुसत्या कंबरेचा, पांढरा.

वाल्मिकनंच नेलं होतं तिला, पोरीच्या लसीचं निमित्त काढून. माणूस वाईट नाही तो. ती बाई राहीपेक्षा लहानच असेल, व्यायामाची डॉक्टरीण, तिनं पेनाचं टोक त्या सांगाड्यावर ठेवलं. "हे बघा ताई, पाठीचा कणा इथं खाली संपतो. हे त्रिकोणी हाड. आणि ही दोन बाजूंची कमरेची मोठी हाडं. ही जिथं त्या त्रिकोणी हाडाला चिकटतात ना, तो हा सांधा. डावा एक, उजवा एक. गुडघ्यासारखा वाकत नाही तो, तांदळाच्या दाण्याएवढा हलतो, फार तर. पण वरचं सगळं वजन इथूनच पायांत उतरतं." बाळंतपणात पोराला वाट द्यायला तो सैल होतो म्हणे, आणि कुणाकुणाचा मग घट्टच होत नाही. राही ऐकत राहिली होती. मान, पाठ, कंबर, माकडहाड, खुबा, मांडी — या साऱ्यांना नावं आहेत, आणि जे दुखतं नेमकं त्यालाच आपल्यात नाव नाही! उसण म्हणावं तर उसण येते आणि जाते, ही गेलीच नाही. मग बाई म्हणाली, "उजव्या पायावर उभ्या राहा बघू. फक्त उजव्या." राहीनं डावा पाय उचलला मात्र — टेबल धरलं नसतं तर खाली आली असती. "बघितलंत? आता काही महिने असं एका पायावर उभं राहायचं नाही. परकरसुद्धा बसून चढवायचा. डोक्यावर ओझं बंद. मी सांगते ते व्यायाम रोज. हे बरं होतं ताई, नक्की होतं, पण तुम्ही त्याला सवड दिली पाहिजे." आणि राही खदखदा हसत सुटली होती, कळ येत होती तरी हसत होती, आणि ती बाई गोंधळून वाल्मिककडं बघत होती. तिला बिचारीला काय माहीत? डावा पाय उचलून मारायचा म्हणजे सारा भार उजव्यावर. आजवर किती कंबरा या उजव्यावर उभं राहून हिनं सरळ केल्या असतील, कुणी मोजल्यात? लोकांची उसण जायची ती कुठं जायची...?

छे. असलं काही मनात आणू नये. व्यायाम मात्र ती करते, गोठ्यात, पोत्यावर उताणं पडून, गुडघे जवळ घेऊन, कंबर उचलून. गाय रवंथ थांबवून बघत राहते. ओझं बंद, हे तेवढं जमलेलं नाही. आणि आता डोक्यावर भारा आहे, आणि तो भारा मानेतून पाठीत, पाठीतून त्या त्रिकोणी हाडात, आणि तिथून, हे बघ, इथून, उजवीकडून, अस्सा घसरत घसरत पायात उतरतोय. हे आधीही असंच होत असणार, पण आधी ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना सोसणं वेगळं आणि सारं ठाऊक असून डोक्यावर घेणं वेगळं. पहिल्यात निदान मूर्खपणाची सोय होती. बांधापाशी आली आणि कळ अशी आली की डोळ्यांपुढं पांढरं झालं. तिनं दोन्ही हातांनी भारा पुढं ढकलून दिला. तो बांधावर आपटला, दोर सुटला, पाला वाऱ्यानं पसरला.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. गोळा करायला हवा होता... कोण वाकतंय! पडू दे तिथंच. ती रिकाम्या हातांनी घराकडं निघाली, आणि रिकाम्या हातांनी चालताना आपण काहीतरी चोरून चाललोय असं तिला सगळ्या वाटेनं वाटत राहिलं.

वाल्मिक घरी होता, रविवार होता. आसनगावला गोदामात तो कामाला. आठवड्यातून हा एकच दिवस, तोही गाडी धुण्यात जातो. तिनं जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, "अवो, आज मी लाथ घालनार नाय. मला उभंच ऱ्हाता येत नाय त्या पायावर. तुमीच ऐकलंत ना त्या बाईचं."

तो ओला फडका पिळत राहिला. "आजचा दिवस कर ना. मामा हाय. लग्नघर हाय. एकच तर लाथ."

"आन् आईंना कदी सांगनार?"

"सांगू ना. लग्न होऊन जाव दे."

आधी म्हणाला होता गणपती होऊ दे. मग म्हणाला दिवाळी होऊ दे. मग मळणी. याच्या आयुष्यात काहीतरी होऊन जायचं कायम शिल्लकच असतं. "पट्टा काडून ठेव तेवडा," तो मागून म्हणाला, "पाय उचलशील तवा दिसंल." राहीनं मागं वळून पाहिलं. तो फडक्यानं आरसा पुसत होता, मन लावून. आणि तिला एकदम त्याची दया आली, आणि दयेमागोमाग असा संताप आला की तिचं तिलाच नवल वाटलं. हे माणूस मला गाडीवर घालून शहापूरला नेतं, नंबर लागेपर्यंत बाहेर बाकावर पोर मांडीवर घेऊन तासभर बसतं, आणि घरात आलं की मुकं होतं. वाईट नाही, वाईट नाही असं मी किती दिवस म्हणायचं?

जगनमामा आला तो आधी ऐकू आला. गाडी फाटकापाशी थांबली आणि आरोळी उठली, "आय आय आय! मेलो गो सकुताय, मेलो! हात लावू नको! धर ना रे वाल्या, बघतोस काय!" सकुबाई अनवाणी पळाली. वाल्मिकनं फडका टाकला. शेजारच्या ओट्यांवरून माणसं डोकावली. मामाला धरून उतरवलं, खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली, कुणी म्हणालं खुर्ची नको, बाजच बरी, मग बाज आली; सकुबाईनं मीठ गरम करून फडक्यात बांधून आणलं; मामा शेक घेता घेता गॅसच्या टाकीला, टाकी आणून टाकणाऱ्या पोराला आणि स्वतःच्या नशिबाला शिव्या घालत होता, आणि मधूनच "आय गो!" करून सारी आळी जागी करत होता. समीक्षा तोंडात बोट घालून बघत होती.

राही दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मामा सोंग करत नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? गाडीच्या दारावरचा तो हात, पाय टेकायच्या आधी घेतलेला तो श्वास, डोळ्यांखाली एका क्षणात आलेली ती काळोखी — ओळखीचं होतं सारं, अगदी घरचं. मामा भला माणूस. पाचव्या महिन्यात चोरओटीला हिरवी साडी घेऊन घाट उतरणाऱ्या गाड्यांच्या गर्दीतून स्वतः आला होता. त्याचं दुखतंय, खरंच दुखतंय. पण तो ओरडतोय! केवढ्यानं ओरडतोय... आणि त्याच्या एका ओरडण्यासरशी खुर्ची, उशी, बाज, मीठ, शेक. माझ्या पोरीला दात आले, पाय फुटले, बोल फुटले, आणि या सगळ्या दिवसांत मी या घरात एकदा, एकदा तरी "आय गो" म्हणाले? मोरीत म्हणाले असेन, नळ सोडून. गोठ्यात म्हणाले असेन, गायीला.

चटई अंगणात पडली. मामाला दोघांनी धरून पालथं निजवलं, सदरा वर केला. सकुबाई तांब्या घेऊन आली. "चल गो राही."

राही पायऱ्या उतरली. चटईपाशी उभी राहिली. सकुबाई खाली वाकली आणि राहीच्या डाव्या पायावर पाणी घातलं, अंगठ्यावरून, घोट्यावरून, गार... आणि काय सांगावं, त्याही क्षणी ते बरं वाटलं! जुनी सवय. एवढा मोठा ढाबेवाला तिच्या पायाशी जमिनीला नाक लावून पडला, आणि आठ वर्षांची राही आतून म्हणाली, घाल की, काय होतंय, एकदा दात आवळ आणि घाल. हे गेलं तर तुझ्याकडं आहे काय दुसरं?

"जोरात मार गो पोरी," मामा चटईत तोंड खुपसून म्हणाला. "दया करू नको."

तिनं पाय उचलला. सवयीनंच उचलला. आणि वरचं सगळं, डोकं, मान, ही आळी, सासूचं नाक, नवऱ्याचं मुकेपण, माहेरचं ताट, सगळं एकदम त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर येऊन बसलं. एरवी ती अशा वेळी गालाचं मांस दातांत धरायची. आज धरलं नाही.

"आय गोऽऽ!"

एवढ्यानं ओरडली की बाजूच्या झाडावरचे कावळे उडाले. मामानं दचकून मान वळवली. "माज्या ऐवजी तू कशाला वरडतेस गो?" कुणीतरी फिदीफिदी हसलं.

राहीनं पाय खाली ठेवला. जमिनीवर. दोन्ही पाय जमिनीवर, सारखे.

"मी नाय मारनार, मामा."

"काय झाला?"

"माजी कंबर गेलेली हाय. समीक्षा झाली तवापासून. एका पायावर मला उभं ऱ्हाता येत नाय."

"पायाळूला उसण?" मामाला पडल्या पडल्या हसू आलं, हसू आलं तशी कळ आली. "आय गो... चेष्टा करते का काय ही, सकुताय?"

"उसण नाय ती. सांधा हाय." आणि सगळ्यांसमोर, मामासमोर, नवऱ्यासमोर, ओट्यांवरच्या साऱ्या पुरुषांसमोर, तिनं हात मागं नेला आणि उजव्या खळग्यावर अंगठा दाबून धरला. "हितं. हितं दुखतंय. उठताना दुखतंय, बसताना दुखतंय, तुमच्या सगळ्यांच्या पाठी सरळ करताना दुखतंय. मी पट्टा बांदते. शापूरला डॉक्टरकडं जाते. ह्यांना ठावं हाय."

साऱ्यांनी वाल्मिककडं पाहिलं. वाल्मिकनं जमिनीकडं पाहिलं. मग कुणाला ऐकू जाईल न जाईल असं म्हणाला, "हां. नेलं व्हतं मीच." राहीला वाटलं होतं की हे ऐकलं की आपण रडू. रडू आलं नाही. उशिरा आलास, एवढंच मनात आलं.

"गुण जाईल गो," सकुबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "दारात आलेल्याला नाय म्हनतेस. पायातला गुण जाईल."

"जाव दे."

म्हटलं खरं. आणि म्हटल्यावर तिनं वाट पाहिली... काही जातं का, पायातून काही निघून गेल्यासारखं होतं का. ओल्या पायाला वारा लागत होता, बोटांत माती शिरली होती. एवढंच. गेलं असेल तर गुपचूप गेलं असेल, किंवा नव्हतंच कधी काही, किंवा अजून आहे आणि हट्टानं बसून आहे तिच्यासारखंच. कळायला मार्ग नव्हता. कळ मात्र होती तिथंच होती, तसूभर हलली नव्हती.

सकुबाई तांब्या धरून उभी होती. हा राग असता तर बरं झालं असतं. राहीनं आज रागाला पुरून उरेल एवढा राग जमवला होता. पण सकुबाईच्या तोंडावर खरीखुरी काळजी होती, लोकांच्या उपयोगी पडलं तरच किंमत, एवढ्यावर जन्म काढलेल्या बाईला दुसरीची वाटते तसली. "मग आता तुला कोन विचारील गो?" ती म्हणाली.

कोण विचारील... पोलीस पाटील उठले आणि बानं हात जोडले त्या दिवसापासून हेच तर माझ्या मागं लागलंय, नाही? लाथ नाही मारली तर कोण विचारील, साडी नाही नेसली तर कोण विचारील, भारा नाही उचलला तर कोण विचारील. आणि सगळ्यांनी विचारलं, हो, पाठ धरली की सगळ्यांनी विचारलं, राही आहे का घरात. राही, तुला कसं आहे, हे त्यात कुणी विचारलं? मी तरी विचारलं? नाही विचारत कुणी तर नको विचारू देत. मी विचारीन. उठल्याबरोबर विचारीन, काय गो, आज कसं हाय? आणि जे असेल ते सांगेन, मोठ्यानं सांगेन.

मामा चटईवर पडून होता, त्याला उठवायला कुणी पुढं होत नव्हतं, आणि ओट्यांवर कुजबुज सुरू झाली होती. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट शेणव्याला पोचेल, उद्या टोकावड्याला, हळदीला तर बायकांना दुसरा विषय नको. राहीला भीती वाटत होती. चांगलीच वाटत होती. तरी ती दोन्ही पायांवर उभी होती, अंगठा त्या खळग्यावर तसाच दाबून.

"दुखतंय मला," ती पुन्हा म्हणाली, आणि कुणाला ते खरं वाटलं का, हे बघायला तिनं कुणाच्याच तोंडाकडं पाहिलं नाही.